आतली कडी

फुलेवाडी, कोल्हापूर
२ सप्टेंबर २०२४

प्रिय अहो यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पाकिटावर तुमचं पूर्ण नाव लिहिलं आहे, कारण मनालीच्या पोस्टमास्तरांना 'अहो' कोण ते कळायचं नाही. आत मात्र अहोच. लग्नातला उखाणा सोडला तर तुमचं नाव घ्यायची सवय नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या सोबतीला निघालेले आकारामभाऊजी म्हणतील. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावता, मागून ते 'वहिनी, हिकडं लई झ्याक हाय' म्हणून ओरडतात, आणि मला बोलायचं असतं ते राहूनच जातं. साखरपुड्यानंतर तुम्ही भिलाईला होतात तेव्हा आपली ओळख पत्रांतूनच झाली होती. ती थोडी उजळून घ्यावी म्हटलं.

अंगणातली गाडीची जागा रिकामी आहे. लष्कराच्या लिलावातला तो जुना ट्रक तुम्ही दोघांनी आणलात, तेव्हापासून त्यानं तुळशीचं ऊन अडवलं म्हणून मी कुरकुरत होते. उद्यमनगरच्या शेडमध्ये तुम्ही त्याला उंच केलंत, मोठी चाकं घातलीत, पाठीवर खोली बांधलीत. आत ओटा, पाण्याची टाकी, आपल्या दोघांचा पलंग. पडद्यांचा रंगसुद्धा मला विचारून घेतलात. आता तुळशीला भरपूर ऊन आहे आणि मला ते बघवत नाही. सकाळी चहाचे दोन कप मांडले जातात. एक परत ठेवते.

दसऱ्यापर्यंत मी तिकडे यावं असं निघताना म्हणालात. घट बसले की घराला कुलूप लावत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. अखंड दिवा कोणावर सोडून येऊ? तुम्ही दोघं फिरून या. मी इथून बघते.

थंडीत कानटोपी घाला. इथला लोभ तेवढ्या उंचीवर पोचत असेल असं धरून चालते.

तुमची
विमल

मनाली
१४ सप्टेंबर

प्रिय विमल,
अनेक उत्तम आशीर्वाद. नवऱ्यानं असंच लिहायचं असतं, असं आमचे वडील सांगत. पटलं नाही तर नमस्कार समज.

तुझं पत्र पोस्टमास्तरांनी ओळखपत्र बघून, मग माझ्याकडे बघून दिलं. या वयात बायकोचं पत्र पोस्टातून घेणारा त्यांना बहुधा पहिलाच भेटला.

काल एक ओढा पार केला. पाणी बंपरला लागत होतं. आकाराम विजार गुडघ्यावर घेऊन पुढं उतरला आणि म्हशी कृष्णेवर न्याव्यात तसा ट्रकला हाका मारत मला पलीकडे घेऊन गेला. संध्याकाळी त्यानं तांबडा रस्सा केला. शेजारच्या तंबूतल्या मोटारसायकलवाल्या पोरांना पावणं, बसा म्हणून बसवलं. ती पंजाबची. भाषा कळली नाही, पण रश्श्यानं घाम फुटल्यावर सगळ्यांचं जमलं.

पलंगावर तुझ्या बाजूला त्यानं बटाट्याचं पोतं ठेवलं होतं. मी उचलायला लावलं. सायेब, पोत्याचाबी हेवा का, म्हणाला. हेवा नव्हता, विमल. ती जागा रिकामी असली तरी तुझी दिसते. पोतं ठेवलं की दिसत नाही.

लग्नानंतर आपण स्कूटरवर गगनबावड्याला गेलो होतो. घाटाच्या तोंडाशी तू म्हणालीस, हा रस्ता संपेपर्यंत जाऊ या. धुकं होतं, मी भ्यालो आणि स्कूटर वळवली. ती राहिलेली फेरी पुरी करायची म्हणून ही गाडी. आणि गेल्या फेब्रुवारीत गाडीच्या चाचणीला आपण तिघं तिथंच मुक्कामाला गेलो, तेव्हा तू चहा घेतला नाहीस, कलिंगडाला हात लावला नाहीस, उजाडताच घरी चला म्हणालीस. तेव्हापासून यायचं नाही यावर ठाम. माझं काय चुकलं? की माझ्याबरोबर रस्ता संपेपर्यंत जावंसं तुला आता वाटतच नाही?

दसरा झाला की रेल्वेनं दिल्लीला ये. तिथून आम्ही नेतो, बर्फ बघू. तू येणार नसशील तर आम्ही दिवाळीला परततो, आणि आकाराम ट्रकला गिऱ्हाईक बघेल. एकट्यासाठी मला तो नको आहे.

उत्तराची वाट बघणारा,
नृसिंह

फुलेवाडी, कोल्हापूर
२३ सप्टेंबर

प्रिय अहो यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

वाटतच नाही, हे शब्द पुन्हा लिहू नका. तेवढ्या दोन शब्दांनी माझा अख्खा दिवस गेला.

जेवणाच्या टेबलावर आपल्या वरदच्या शाळेच्या दिवसांतला भारताचा नकाशा पसरून ठेवला आहे. तुम्ही जिथं पोचल्याचं कळतं तिथं मी मसुराचा दाणा ठेवते. पंख्याच्या वाऱ्यानं तो घरंगळतो आणि तुम्ही राजस्थानात जाता. मग पंखा बंद करून मी घामात बसते. हे सगळं ज्या बाईला यावंसं वाटत नाही ती करते का?

पण गुडघे बरे नाहीत. वर हवाही विरळ असते म्हणतात.

तुम्ही विचारता, काय चुकलं. कसं सांगू? सिस्टर बर्नाडेटनी आम्हा मुलींना शिकवलं होतं की काही गोष्टींचं नाव घ्यायचं नसतं, वर्गात नुसती करंगळी वर करायची. इतकी वर्षं झाली, पण त्या वर्गातून मी अजून बाहेर आलेले दिसत नाही. तुमचं काही चुकलं नाही असं समजा.

ट्रकला गिऱ्हाईक बघू नका. आणि मला बोलावू नका. दोन्ही एकदम मागते आहे, याची मलाच लाज वाटते.

माया कमी झालेली नाही, एवढं तरी खरं माना.

तुमची
विमल

कुरुंदवाड
२६ सप्टेंबर

निशिगंधाच्या पप्पास नमस्कार.

पत्रास कारण की, सायबांसंगं तिकडं गेल्यापासनं फोनवर तुमी काय नीट ऐकत न्हाईसा. हिकडं समदी खुशाल हाय. थोरली म्हस व्याली, रेडी झाली.

तूप घेऊन कोल्हापूरला वैनींकडं गेलते. वैनी नकाशा पसरून बसल्यात, डोळं पुसत्यात. म्या इचारलं, जात का न्हाईसा? घट म्हणाल्या. म्हटलं, मी हितं येऊन ऱ्हाते, दिवा राखते. मग गुडघं म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी आदल्या दिशी अंबाबाईला चालत गेलत्या. लई खोदल्यावर बोलल्या.

तुमी दोघं शाणी माणसं. गाडीत फ्रीज घातलासा, दिवं घातलासा, पडदं लावलासा. बाईमाणसानं जायाचं कुठं ओ? उघड्या माळावर, दोन बाप्यांच्या म्होरं? गगनबावड्याला त्या माऊलीनं दुपारपासनं पाण्याचा घोट घेतला न्हवता. रातभर पोट धरून बसलीवती. सायबांच्या पयल्या नकाशात संडास हुता म्हणं. त्या जागी जादाचं चाक कुणी बसवलं? तुमीच की. तुमाला काय, माळ दिसला की झालं.

चाळीस वर्सं संसार करून सायबांस्नी समजंना आन वैनींस्नी सांगता येईना. शिकून काय केलं मग दोघांनी?

हे सायबांस्नी द्या. तुमी वाचलंसा तर गप ऱ्हावा, दात काढत बसू नगासा. जास्त काय लिवू, म्हशीची धार काढायची हाय.

धोंडुबाई

मनाली
५ ऑक्टोबर

प्रिय विमल,
आशीर्वाद द्यायची माझी लायकी या वेळी नाही, म्हणून नमस्कार.

धोंडुवहिनींचं पत्र आकारामनं अर्धं वाचलं, माझ्या हातात दिलं आणि जाऊन नदीकाठी बसला.

जन्मभर फाउंड्रीत लोकांच्या साच्यांतल्या चुका काढल्या. पहिल्या आराखड्यात ती जागा मीच काढली होती. जादाचं चाक कुठं ठेवायचं असं आकारामनं विचारलं तेव्हा मीच खोडरबरानं पुसली, आपण भागवून घेऊ म्हणालो. आपण म्हणजे मी, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तुला मात्र मी पडद्याचा रंग विचारत बसलो.

चाक आता टपावर गेलं आहे. दोरानं ओढून चढवताना आम्हा दोघांच्या कमरा धरल्या. त्या जागी पत्र्याची छोटी खोली केली. बसायला नीट भांडं, धरायला दांडी, वर एक खिडकी, तिच्यातून फक्त आभाळ दिसतं. मी आत बसून चाचणी घेतली. आकारामनं बाहेरून, सायेब, जमतंय का, असं इतक्या मोठ्यानं विचारलं की सगळ्या तंबूंतून माणसं बाहेर आली. यापुढं तो केबिनमध्ये झोपणार नाही, लांब तंबू ठोकणार आहे. स्वतःहून म्हणाला.

दाराला आतली कडी तेवढी लावलेली नाही. ती किती उंचीवर हवी याचा अंदाज मी करणार नाही. तुझ्या वतीनं एकदा अंदाज केला, तेवढा पुरे. तू ये. हात ठेवून दाखव. तिथं भोक पाडतो.

आणि नाही आलीस, तर दार तसंच राहील.

तुझा
नृसिंह

फुलेवाडी, कोल्हापूर
१३ ऑक्टोबर

प्रिय अहो यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी येते आहे हे फोनवर कळलंच आहे. हे पत्र बहुधा माझ्या मागून पोचेल. तरी लिहिते, कारण समोर आल्यावर यातलं काही मी तोंडानं बोलणार नाही, आणि आकारामभाऊजींच्या देखत तर नाहीच.

धोंडुवहिनी घट बसल्यापासून इथं राहिल्या. मी चिडले होते त्यांच्यावर. पत्र लिहिल्याचं त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, रागवा की, पण गाडीत बसून रागवा. काल सोनं लुटून झालं. आज त्यांनी माझ्या हातातून घराच्या किल्ल्या काढून आपल्या कमरेला लावल्या. तुळशीला पाणी त्या घालतील. नकाशावरचा दाणा त्यांनी परत मसुराच्या डब्यात टाकला.

कडी तिकडे विकत घेऊ नका. मी पितळेची आणली आहे, सरकवायला हलकी, बाहेर आवाज न जाणारी. दुकानदारानं विचारलं, कुठल्या दाराला. मी सांगितलं, ट्रकच्या. तो हसला नाही. कोल्हापुरात ट्रकला काय काय लावतात हे त्याला ठाऊक असणार.

त्या दिवशी गगनबावड्याला मला घरी जायचं नव्हतं, अहो. पहाटे धुकं विरत होतं आणि खाली कोकणात उतरणारा रस्ता दिसायला लागला होता. तुम्ही झोपला होतात. मला तुम्हाला उठवून म्हणायचं होतं, चला पुढे. तेव्हा ते म्हणता आलं नाही. आता म्हणते.

एकच मागणं आहे. रस्त्यात मी करंगळी वर केली की काही न विचारता गाडी थांबवायची. नाही केली, तरी मधूनमधून थांबवत जा.

लोभाबद्दल वेगळं काय लिहू, तो घेऊनच निघाले आहे. दिल्लीला उतरल्यावर पहिला चहा मला मोठ्या पेल्यात द्या, काठोकाठ.

तुमची
विमल