माल्याचे पाहुणे आणि आमचा काळा नळ

पौड, शुक्रवार, जुम्म्यानंतर

आदरणीय मैमुनाफुफींना पौडहून फिरोजचा अदबीनं सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? फुफाजींची तब्येत बरी आहे ना? कराडात ऊन फार आहे असं अम्मी म्हणते, तर दुपारी बाहेर पडू नका. इकडे सगळं खुशाल. म्हणजे अब्बा माझ्याशी बोलत नाहीत, अम्मी अब्बांशी बोलत नाही, आणि साबीरभाई हिंजवडीहून व्हिडिओ कॉल करून सगळ्यांना न विचारता सल्ले देतो. पत्र लिहितोय कारण फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि "बरं, अम्मीला दे" म्हणता. कागद असा मधेच दुसऱ्याकडे देता येत नाही.

तर वरच्या मजल्यावर नवं न्हाणीघर झालंय. सगळं बसलं होतं, फक्त बेसिन आणि त्यावरचा नळ निवडायचे राहिले होते, आणि ते काम अब्बांनी माझ्या गळ्यात घातलं. त्याला कारण होतं. माले गावचे इलाहीचाचा आमचं घर बघायला येणार होते. त्यांच्या लेकीसाठी, अर्शीसाठी, माझी बोलणी चालली आहेत हे तुमच्या कानावर आलंच असेल. (नसेल तर आता आलं. अर्शीला मी बारावीपासून ओळखतो. याहून जास्त फुफीला, म्हणजे अब्बांच्या बहिणीला, लिहिणं बरं दिसत नाही.) चाचांनी निरोप धाडला होता, "पोरगं कालिज अर्ध्यात टाकून बापाच्या दुकानात बसलंय म्हंत्यात. एक तरी काम निगुतीनं करतंय का, त्ये बघू." (कॉलेज मी टाकलं नाही. तिथल्या लोकांची मला शिकवायची लायकी नव्हती. पण ते असो.) म्हणून अब्बा म्हणाले, नळ तू आण, तूच बसवून घे, म्हणजे पाहुण्यांना दाखवायला काहीतरी होईल.

मी भुकूमला गेलो. तिथं रस्त्याला लागून नळांचं एक काचेचं दुकान झालंय. आत एसी, बसायला सोफे, आणि भिंतभर नळच नळ. पाणी एकातही नाही! लवासात जशा इमारती आहेत आणि राहायला माणूस नाही, तसला प्रकार. गौतमी नावाच्या बाईंनी मला पाणी दिलं (बाटलीतलं) आणि विचारलं, "सर, वापर काय असणार?" मी म्हटलं, हात धुणं. भाताला पाणी सोडायचं नाहीये. बाई बिचाऱ्या हसल्या. त्यांनी एक साधा, लांब मानेचा, इकडेतिकडे फिरणारा नळ पुढे केला. मी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांनी तो आपणहून मागे घेतला. असले नळ आमच्या मशिदीच्या हौदावर ओळीनं बसवलेत! त्यासाठी मी भुकूमला कशाला येऊ?

मग मला तो दिसला. काळा कुळकुळीत, आखूड, पसरट तोंडाचा, ज्यातून पाणी धार धरून नाही तर चादरीसारखं पडतं. असल्याच नळाच्या एका रीलवर अर्शीनं बदाम टाकला होता. (मी लक्ष ठेवत नाही. दिसलं.) सोबत ओट्यावर ठेवायचं कटोऱ्यासारखं बेसिनही घेतलं. साबीरभाईला फोटो पाठवला, तर त्यानं टाळ्या वाजवणारे सहा हात पाठवले. त्याच्या पसंतीला उतरलं तिथंच मला संशय यायला हवा होता. भिकू प्लंबरनं नळ बसवला, लांब उभा राहून बघितला आणि म्हणाला, "लई भारी. हिरोवानी दिसतुया." तोही मूर्खच.

पाहुणे आले. पोहे झाले, घर बघून झालं, आणि असरची अजान झाली. चाचा म्हणाले, नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन वजू करून घेतो. मी छाती काढून त्यांना वर नेलं.

फुफी, चाचा म्हणजे एका लोट्यात वजू करणारा माणूस. त्यांनी दांडी उचलली, आणि टाकीचं सगळं पाणी एकदम निघालं. ते कटोऱ्यात पडलं, कटोऱ्यानं नको म्हटलं, आणि परत येऊन चाचांच्या कुर्त्यावर बसलं. "अरं पोरा," ते म्हणाले, "ह्यो नळ हाय का धरणाचा सांडवा?" तरी माणूस धीराचा. चूळ भरली, तोंड धुतलं. मग कोपर. नळ आणि कटोरा यांच्यामधे मांजराचं पिल्लू मावेल एवढी जागा, आणि चाचांचा हात तुम्हाला माहीत आहे, शेतकऱ्याचा. तो आत गेला आणि निघेना. मी ओढला. निघाला तेव्हा आम्ही दोघंही न्हालो होतो. शेवटी पाय राहिले. चाचांनी पायांकडे बघितलं, कमरेइतक्या उंच बेसिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता पाय कुटं धुवू? तुझ्या डोस्क्यावर?"

मग चाचा, त्यांचे दोन भाऊ आणि अब्बा, सगळे ओळीनं खाली उतरले आणि दुकानामागच्या हौदाच्या तोटीवर वजू करून आले. जाताना चाचा दारात अब्बांना म्हणाले, "पोराला हात हायेत, पाय हायेत. पर त्ये धुवायचे असत्यात, ह्ये त्याला ठावं न्हाई. बघू." माल्यात 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

त्याच संध्याकाळी मी पाना घेऊन नळ उपटायला गेलो. नळ तसाच राहिला, बेसिन मात्र हललं. दुसऱ्या दिवशी भिकूनं तो काढला आणि अब्बांनी स्वतः जाऊन मशिदीसारखा नळ आणून बसवला. जेवताना ते त्याच्याविषयी कौतुकानं बोलतात. लग्नाचा विषय माझ्यापुरता संपला. ज्यांना माणूस नळावरून जोखायचा असेल त्यांनी नळाशीच सोयरीक करावी. मला कुणाची गरज नाही.

दुआत आठवण ठेवा.
तुमचा फिरोज

ता. क. अम्मी म्हणते, तुम्ही आणि इलाहीचाचा पौडच्या शाळेत एका वर्गात होता आणि अजून ते तुम्हाला घाबरतात. मी काही मागत नाही. पण इकडे आलात आणि सहज माल्याला चक्कर झाली, तर नळ वेगळा आणि माणूस वेगळा, एवढं त्यांच्या कानावर घाला. अर्शी फोन उचलत नाही. जेवण जात नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार, तोच अब्बांना चाचांचा फोन आला. त्यांनी शेतात पुण्याच्या लोकांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्यात. "त्यो काळा सांडवा फेकला नसंल तर द्या. ती मंडळी फोटो काडायला येत्यात, धुतंय कोन? आन बसवायला पोरालाच धाडा फुडच्या रविवारी. अर्शी इचारत व्हती, त्यो जेवतो का न्हाई म्हून. हितंच जेवंल." अब्बा काही बोलायच्या आत मी फोन ओढून हो म्हणून टाकलं. फुफी, तुम्ही येऊ नका, चाचा घाबरतील. फुफाजी तुमच्या घरचे नळ स्वतः बसवतात ना? त्यांना पुढच्या शनिवारच्या एसटीनं पाठवा, पाना घेऊन. माल्यात कुणी विचारलं तर म्हणावं, मी फिरोजच्या हाताखाली काम शिकतोय.