परक्यांसमोर केलेला गोळाभात

बाबा, मी तुमची सून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. धायरीतल्या आपल्या घरावर आता माझ्या केटरिंगची पाटी आहे, आणि तुमच्या खोलीत मोठी पातेली राहतात. विचारायला तुम्ही नव्हता.

लग्न होऊन वर्ध्याहून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी गोळाभात केला होता. शिजत्या भातात हरभऱ्याच्या जाडसर पिठाचे गोळे, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. तुम्ही मुकाट्याने जेवत होता, मी दाराशी उभी. ताट संपत आल्यावर म्हणालात, "सूनबाई, हे परक्यांसमोर करू नकोस." माझे डोळे भरून आले. तुम्ही ताट पुढे केलंत आणि तेवढ्याच कोरडेपणाने म्हणालात, "आपल्याला उरणार नाही." सासूबाई हसल्या तेव्हा कुठे मला कळलं, की पुण्यात शाबासकी अशी देतात.

तुमचं ते मी पुष्कळ वर्षं पाळलं. पहिली मोठी ऑर्डर आली ती कसबा पेठेतल्या एका कुटुंबाची, साठीच्या कार्यक्रमाची. मेनू अगदी इथला ठरवला: मसालेभात, अळूची भाजी, भजी, जिलबी. आमच्याकडचं काही नको, उगाच नावं ठेवतील. आणि पाहुणे आले सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त. शेवटची पंगत बसायच्या आधीच मसालेभात संपला. यजमानीणबाई हळूच येऊन म्हणाल्या, की व्याह्यांकडची मंडळी अजून जेवायची आहेत. काय करू, सुचेना. तांदूळ होता, भज्यांचं पीठ होतं. मी परात पुढे ओढली आणि तुमचा शब्द मोडला.

त्या पंगतीत यजमानांकडचे एक आजोबा गोळा फोडून नुसतेच बघत बसले. मी लांबून बघत होते. त्यांनी मला खूण करून बोलावलं.

"हे काय आहे?"

"गोळाभात. आमच्या विदर्भातला."

"मग पहिल्या पंगतीला का नव्हता? आमची मंडळी तेव्हाच जेवली."

त्या तक्रारीने मी इतकी खूश झाले, की वाढप्याच्या हातातलं फोडणीचं भांडं घेऊन सगळ्या पंगतीत स्वतः फिरले. आता लोक मेनू ठरवायला येतात ते गोळाभाताचंच नाव घेत.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सांगून टाकते. मुलं परगावी गेली, घरी आम्ही दोघंच असतो. शंभर पानांचा अंदाज माझा चुकत नाही, पण दोघांपुरता स्वयंपाक आता मला येत नाही. आत्ताच आमटी उकळायला ठेवली, आणि शेजारच्यांना जेवायला बोलावून आले.