उलटा हिसका

आई, काल येडगावच्या विहिरीवर मोटर सुरू होताच सरळ फिरली. तुला सांगावंसं वाटलं, म्हणून कामाच्या वहीत मागच्या पानावर लिहितेय.

तू आळेफाट्याच्या आपल्या गाळ्यात जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून पुन्हा भरायचीस, तेव्हा असल्या मोटरी येत नव्हत्या. हिच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात. ते नेमके कुठे आहेत हे कळलं तरच कोणत्या गुंडाळीत करंट सोडायचा ते ठरतं. त्यासाठी आत सेन्सर बसवतात, पण पाण्यात त्याच्या वायरी वर्षभरही टिकेनात. मी म्हटलं, सेन्सरच काढू. मोटर फिरत असली की चुंबकांमुळे गुंडाळ्यांत व्होल्टेज तयार होतं, त्यावरून त्यांची जागा गणितानं काढता येते. थांबलेल्या मोटरीत मात्र ते नसतंच. म्हणून आधी विजेचे बारीक झटके देऊन करंट कसा चढतो ते बघायचं. त्यातून चुंबक कोणत्या रेषेत आहे ते कळतं, त्याचं उत्तर टोक कुठलं ते कळत नाही. तिथं चुकलं की मोटर सुरू होताना उलटा हिसका देते.

दिवाळीनंतर ह्याच विहिरीवर तसं झालं. शेतकरी म्हणाले, "ताई, पुढं जायच्या आदी ही मागं का वढती? पंपाच्या पंख्याचा नट सुटला की राव!" आमच्या कंपनीच्या साहेबांनी सेन्सर परत बसवायला सांगितलं. मी म्हटलं, "नाही बसवणार. मला एक महिना द्या." एवढं ठाम मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्या महिन्यात एक दुपार सारखी आठवायची. मी बारावीत आहे. तू कातरी घेतेस आणि मी सकाळपासून भरलेली सगळी तार कापून टाकतेस. एकच गुंडाळी सैल आहे. "तेवढीच काढ ना," मी रडकुंडीला येऊन म्हणते. "येक सैल म्हंजी समदी हालनार. पुन्ना भर." मी रागानं जेवत नाही. तूही जेवत नाहीस. शेजारी बसून मोटरीच्या खाचांत घालायचा कागद कापून देत राहतेस.

मीही मोटर चालवणारा सगळा प्रोग्रॅम पुसला आणि पहिल्यापासून लिहिला. आता दोन्ही टोकांच्या दिशेनं थोडा मोठा झटका देऊन बघते. उत्तर टोकाकडे करंट केसभर जास्त चढतो. तो केसभर फरक पकडायलाच तीन आठवडे गेले. काल मोटर इतक्यांदा बंद-चालू केली, की शेतकरीच म्हणाले, "बास करा ताई, कांद्याला पानी लई झालं!"

हे पान कुणाकडे जाणार नाही, आता तुझ्याकडेही नाही, म्हणून एक सांगून टाकते. तू भरलेली शेवटची मोटर महिन्याच्या आत जळून परत आली होती. तुझी नजर अधू झाली होती, तू खाटेवर होतीस. मी ती गुपचूप पुन्हा भरून दिली. दोन दिवसांनी तू विचारलंस, "ती मोटर चालती का गं?"

मी म्हटलं, "चालनारच की, तुझ्या हातची हाय."