तुमच्या नंबरावर येनारा कोड

अण्णा, दोन दिस झाले, माज्या डोळ्याला डोळा न्हाई. पोरीच्या आपरेशनची तारीख तुमच्या मेलवर आलीया आन तो मेल आता उघडत न्हाई. माज्याच हातानं घालवला.

तुमी जाऊन चार वर्सं झाली. त्याच्या थोडं आदी मी बाळंतपनाला माहेरी हुते. पोरीच्या काळजाला भोक हाय म्हनल्यावर पुन्याच्या दवाखान्याचे समदे कागद तुमीच भरले, मेल तुमचाच दिला. तुमी कामाला हुता त्या नागापूरच्या कंपनीनं जुना कंप्युटर दिल्ता, तो धक्का लागू ने म्हनून तुमी टेम्पोत मांडीवर धरून आनला. मग मेल बघायला फुकटातलं कोनतं सॉफ्टवेअर बरं, ह्यातच तुमचे पंधरा दिस गेले. एकात नुसत्या जाहिराती, एकात समदं इंग्रजी, म्हनून तिसरं ठिवलं. मी भाकरी थापता थापता म्हनले, "फुकटच हाय ना अण्णा, घ्या की कुटलंबी. पोरगी बघाय गेल्यागत काय करताय." तुमी चष्म्यावरनं बघितलं. "फुकट देनारा आदी काय मागतो ते वाचावं, बाई. मग हो म्हनावं."

तुमच्या मागं कंप्युटर माज्याकडं आला आन तुमचा मोबाईल भावाकडं. तो अजून त्याच्यात रिचार्ज मारतो, तुमचा नंबर बंद पडू देत न्हाई. दहाव्याला कावळा शिवत नव्हता. कोन म्हनलं रान बघू, कोन म्हनलं आईला संबाळू, तरी झाडावरच. मग त्यानं हात जोडले, "ताईच्या पोरीचं आपरेशन मी करीन," आन कावळा खाली आला. मी बघितलं, अण्णा.

आन त्यालाच मी दारातनं घालवला. गेल्या भाऊबीजेला आल्ता. कंप्युटर बघून म्हनला, "ताई, हे मेलचं लई जुनं झालंय, एक दिस बंद पडंल. मी दुसरं बसवून देतो, फुकटच हाय." मला वाटलं ह्याला तुमची आठवन पुसायचीय. उघडलं की वर तुमचं नाव येतं ना. मी बोलले, "अण्णांनी निवडलंय, हात लावायचा न्हाई. परत माज्या दारात येऊ नको." ओवाळायचं ताट तसंच राहिलं. तो साडी खुर्चीवर ठिवून गेला.

परवा दुपारी दवाखान्याच्या बाईंचा फोन आला. तारीख मेलवर हाय, शनवारपत्तोर त्याच मेलवरनं हो कळवा, न्हाईतर नंबर दुसऱ्या लेकराला जाईल. मी कंप्युटर लावते तर तुमचं ते सॉफ्टवेअर फिरतंय नुसतं, मेल येत न्हाई. भ्याले. ते काढून टाकलं आन समोर मोठ्या अक्षरात फुकट लिवलेलं हुतं ते घेतलं. वाचलं न्हाई. त्यानं पासवर्ड मागितला. तो तुमाला म्हाईत. मग म्हनलं, ह्या नंबरावर कोड पाठवलाय, तो टाका. नंबर तुमचा.

पोरगी शेजारी बसलेली. चार पावलं चालली तरी तिचे ओठ निळे पडत्यात. कंप्युटरवर तुमचं नाव यायची वाट बघत इचारते, "आजोबा कवा सांगनार?"

बाईंना परत फोन केला, त्या म्हनत्यात मेलवरच पायजे. माजे मालक गाडी घेऊन गुजरातला गेलेत, त्यान्ला कळवलं न्हाई. भावाला तीनदा लावला. एक रिंग गेली की मीच कट करते. ज्या गोष्टीपायी त्याला हाकलला तीच मी केली, आन त्याचंच खरं हुतं. हे त्याला म्हनाय तोंड उघडत न्हाई. आज बेस्तरवार हाय, शनवारला दोनच दिस.

हा कागद तुमाला कुटं पाठवू. कंप्युटरवर ठिवते. ज्याला घावंल त्यानं माज्या भावाला फोन लावा. नंबर दाराच्या कॅलेंडरवर लिवलाय. म्हनावं, अण्णांच्या मोबाईलवर कोड येईल, तेवढा वाचून दाखव. ताई चुकली म्हनावं.