रविवारी सरळ होणारे फोटो

प्रिय ढब्बू,

मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. तुझ्या बहिणीने पन्नाशीत लिनक्स इन्स्टॉल केलंय. हस मेल्या! घरच्या वेबसाइट चालवायला तू बसवून गेलेलं मशीन आता धापा टाकतंय, म्हणून नवं आणलं. तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. व्हर्च्युअल होस्ट म्हणजे काय, हे मात्र माती खाऊनच कळलं. एकाच मशीनवर दोन साइट, आणि बाबांच्या साइटचं नाव मी फाइलमध्ये लिहायलाच विसरले. नाव सापडलं नाही की ते बेटं यादीतली पहिली साइट दाखवतं. बाबांनी घड्याळदुरुस्तीचं पान उघडलं, तर समोर आत्याच्या शिवणवर्गातली झबली! घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

मग सुरक्षेचं काम काढलं. पुस्तकात लिहिलंय, वापरात नसलेली खाती आधी बंद करा. चार वर्षांपूर्वी तुम्ही बापलेक भांडलात आणि तू निघून गेलास, तेव्हापासून तुझं खातं पडूनच असणार, असं मी धरून चालले होते. पण नाक खुपसल्याशिवाय मला कुठलं चैन? लॉगिनची नोंद काढून बघितली. दर रविवारी सकाळी, वीस मिनिटं, तू! आत येऊन करतोस काय, हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. बाबा फोनवर घड्याळांचे फोटो काढून चढवतात ते सगळे आडवे, आणि सोमवारी बघावं तर सरळ. मला वाटायचं, मशीनच करतं. गधड्या, चार वर्षं दर आठवड्याला घरी येत होतास आणि मला पत्ता नाही! रडले मी, खरं सांगते.

बाबांना काही बोलले नाही. तुझा विषय निघाला की ते अजून ताटावरून उठतात. तुझा त्रास वाचावा म्हणून नव्या मशीनवर फोटो आपोआप सरळ करणारा प्रोग्रॅम बसवला आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवला. ते म्हणाले, हे काढून टाक. अहो बाबा, फोटो आडवे राहतील, म्हटलं. राहू देत, म्हणाले आणि किती तरी वेळ चष्माच पुसत बसले.

म्हणून लिहितेय. जुनं मशीन शनिवारी बंद होईल. नव्यावर पासवर्ड चालत नाही, किल्लीची फाइल लागते, तेव्हा तुझी पब्लिक की लगेच पाठव, नाहीतर तुला आत येता यायचं नाही. तो प्रोग्रॅम मी काढलाय. बाबांनी कालच सहा घड्याळांचे फोटो चढवलेत, सगळे आडवे. परवा त्याच फोनवर त्यांनी आत्याचा फोटो काढला, तो अगदी सरळ आलाय.

तुझीच,
ताई