नावातलं पाचवं अक्षर

७ ऑगस्ट १९६२

बाबा जेवले नाहीत. ताट सरकवून उठले. चित्र बघितलं त्यांनी!

मीच टेबलावर वाळत ठेवलं होतं. पाद्री क्रेमर यांच्या पुस्तकातलं शेवटचं. या म्हाताऱ्या जर्मन पाद्र्याचे हात कापतात, म्हणून गेलं वर्षभर त्यांची चित्रं मी काढतेय — वर्तुळातला डोळा, दहा ज्योतींचं झाड, पेटलेलं हृदय. पुस्तक ख्रिस्ती ध्यानाचं, पण शब्द आमचे, हिब्रू. मुलींच्या शाळेतली ड्रॉइंग टीचर, त्यात बेने इस्राएल ज्यू, बापानं अक्षरं गिरवून घेतलेली — अख्ख्या बंगळूरमध्ये त्यांना मीच सापडले. शाळेत फुलदाण्या शिकवून मेलेला माझा हात त्या झाडावर जिवंत झाला.

या चित्रात हृदयाच्या आत देवाच्या नावाची चार अक्षरं आहेत. ते नाव आम्ही तोंडानं उच्चारत नाही. आणि मधोमध पाचवं — शिन. ते घातलं की येशूचं नाव होतं.

"त्या नावाच्या पोटात अक्षर खुपसलंस, मोझेल?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ ऑगस्ट

क्रेमरना सांगितलं. ते म्हणाले — "तीस वर्षं अशाच चित्रापुढे प्रार्थना करतोय. तुझ्या वडिलांना ते कसं दिसेल, एकदाही मनात आलं नाही." मग, हृदय पुन्हा काढ. आत काही नको.

१४ ऑगस्ट

बाबा अजून बोलत नाहीत.

५ सप्टेंबर

गंगव्वा शाळेत धावत आली. क्रेमरांकडे स्वयंपाक करते ती. "अक्का, अय्यांचं तोंड वाकडं झालं! उजवा हात उचलेना."

घरी येऊन सांगितलं. बाबांनी विचारलं, "त्यांच्यापाशी कोण आहे?"

"गंगव्वा. दुसरं कोण असणार?"

बाबांनी टोपी घातली आणि निघाले! मी मागोमाग.

खाटेजवळ उभं राहून पहिलाच प्रश्न — "तुम्ही जर्मन. युद्धात कुठे होता?"



"हिंदुस्थानातच. तारेच्या कुंपणात. इंग्रजांनी कोंडलं होतं." अर्धे शब्द लाळेत. "पण भाऊ तिकडे होता. गणवेशात."

बाबांनी खुर्ची ओढली. "कुठली प्रार्थना म्हणू?"

"स्तोत्र. तुमच्या भाषेत."

बाबांनी म्हटलं. पुस्तक लागलं नाही.

१८ सप्टेंबर

बाबा रोज जातात. क्रेमरांची जीभ थोडी सुटलीय. आज फाटकापासूनच भांडण ऐकू आलं.

"देव एक! तीन कसा होईल?"

"आणि तुमच्याच जुन्या ग्रंथांतल्या झाडावर दहा ज्योती — त्या चालतात?"

बाबा हसले! आई गेल्यापासून पहिल्यांदा.

२२ ऑक्टोबर

क्रेमर गेले.

२५ ऑक्टोबर

चित्रांचा गठ्ठा गंगव्वानं आणून दिला. पुस्तक आता कोण छापणार? प्रत्येक चित्राच्या माथ्यावर देवाचं ते नाव आहे.

बाबा म्हणाले, "असा कागद घरात नको. देवाचं नाव असल्यावर जाळताही येत नाही. आपल्या कबरस्तानात पुरायचा."

"माझं वर्ष आहे ते!"

"माहीत आहे."

"क्रेमरना विचारलं होतंत?"

"विचारलं होतं. म्हणाले, मोझेल ठरवेल."

२८ ऑक्टोबर

ठेवला असता तर बाबा काहीच बोलले नसते. तेच नको होतं — पुन्हा ते सरकवलेलं ताट, ते गप्प घर.

म्हैसूर रोडच्या कबरस्तानात गेलो. गठ्ठा मी खड्ड्यात उतरवला. झाड सगळ्यात वर होतं, सोनेरी रंग अजून ताजा. माती मीच लोटली, बाबांना हात लावू दिला नाही. येताना मी एक शब्दही बोलले नाही. बोलणार नाही.

१ नोव्हेंबर

सकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून उभे. काद्दिश म्हणत होते! मेलेल्या बापासाठी मुलानं म्हणायची ती प्रार्थना.

"कुणासाठी?" बोलायचं नाही असं ठरवलेलं, तरी तोंडातून गेलं.

"क्रेमरांसाठी. त्यांना मुलगा नाही."

"ती म्हणायला दहा पुरुष लागतात ना?"

"लागतात." बाबा थोडे बाजूला सरकले. "ये. उभी राहा."