बिना मिठाची चटणी

आम्रपाली बेटा,

मी पहिल्या ऑटोनं दवाखान्यात जाऊन राहिलो. पोरीच्या डब्यासाठी टमाटरची भाजी कढईत आहे. मीठ तू पाहून घेजो, माह्या जिभेले आज काही समजून नाही राहिलं.

काल तुह्या सासूले भरती केलं तवा डॉक्टरनं सगळ्यांसमोर तुले झापलं, पेशंटले काय खाऊ घालता म्हणून. राजदीप नवरा असून तुह्यावरच चिडला. मी बाजूले थैली धरून उभा होतो.

टमाटर मी देत होतो. तू ड्यूटीवर गेली का तुही सासू रोज दुपारी चटणी मागे. मी दोन टमाटर गॅसवर भाजून, लसूण-मिरचीसंग पाट्यावर वाटून देत होतो. फ्रीजवर तू लावलेला पथ्याचा कागद मी पुरा वाचलाच नाही. किडनीच्या पेशंटले मीठ बंद, एवढंच वाचलं. म्हणून मीठ टाकत नव्हतो, अन् मले वाटे मी पथ्यच पाळून राहिलो. टमाटरनं पोटॅशियम वाढते अन् ते किडनीच्या पेशंटच्या जिवावर येते, हे काल डॉक्टरच्या तोंडून ऐकलं.

तेच कमी कराले तू भाजी उकळून तिचं पाणी फेके, अन् मी शेजारच्यायले सांगे, सून भाजीचा जीव काढते.

आज डॉक्टरले अन् राजदीपले मीच सांगतो.

तू जेवून ये. तुही सासू शुद्धीवर आली तर पहिले चटणीच मागन. तवा तू जवळ पाहिजे. माह्याच्यानं तिले नाही म्हणवत नाही.

बाबा